शिडाची दोरी आणि स्प्लाइसचं फॅड

गेले दोन वीकांत एकाच विषयावर भांडण चाललंय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. विषय किरकोळ वाटेल. शिडाच्या बोटीवर शीड वर चढवायची जी दोरी असते, हॅल्यार्ड, तिच्या टोकाला शिडाचं शॅकल गाठ मारून अडकवायचं की स्प्लाइस करून? स्प्लाइस म्हणजे दोरीचं टोक उलगडायचं, वळवायचं आणि तिच्याच पोटात परत घुसवायचं. गाठ दिसत नाही, एक देखणी कडी तयार होते. बोटवाल्या पब्लिकमध्ये असा समज आहे की गाठ मारतो तो अडाणी आणि स्प्लाइस करतो तो खरा खलाशी. माझं म्हणणं, आपल्यासारख्या शनिवार-रविवारवाल्यांनी साध्या पॉलिएस्टर दोरीला स्प्लाइस करणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. (शब्द कडक आहे, पण मागे घेणार नाही.)

समोरच्याचं ब्रह्मास्त्र ठरलेलं असतं. टक्के! गाठीने दोरीची ताकद तीस-चाळीस टक्के कमी होते, चांगल्या स्प्लाइसने फार तर दहा. बरोबर आहे, मान्य. पण टक्के कशाचे? १० मिमीची पॉलिएस्टर दोरी नवी असताना दोन टनांच्या आसपास भार घेते. २४ फुटी बोटीवर छोट्या विंचने कितीही पिळलं तरी हॅल्यार्डवर काहीशे किलो येतात. चाळीस टक्के गेले तरी बाराशे किलो शिल्लक. मुळात आपण १० मिमी घेतो ती ताकदीसाठी नाहीच. ती कमी ताणली जावी आणि हाताला धरायला बरी पडावी म्हणून घेतो. जो आकडा कुठे अडतच नाही तो सुधारत बसायचं, याला आमच्या धंद्यात प्रीमॅच्युअर ऑप्टिमायझेशन म्हणतात आणि त्यासाठी नवीन पोरांना शिव्या पडतात.

मग दोरी तुटते कुठे? हे मला उरवड्याच्या आमच्या विहिरीवर आबांनी शिकवलं, समुद्र बघायच्या किती तरी आधी. पोहरा पाण्याला टेकून भरला, ओढायला सुरुवात केली, की दरवेळी दोराचा तोच वीतभर भाग कप्पीवर यायचा. तिथे दोर केसाळ व्हायला लागला की आबा पोहऱ्याची गाठ सोडायचे, हातभर दोर कापायचे, परत गाठ मारायचे. झिजलेला भाग कप्पीवरून सरकला. पुढच्या वर्षी अख्खा दोर उलटा करायचे, ह्या टोकाचं त्या टोकाला. मी एकदा विचारलं, की आबा, गाठीतच तुटला तर? "आरं, दोर गाठीत न्हाय तुटत, कप्पीवर तुटतो." संपलं.

आणि आबांना स्प्लाइस माहीत नव्हता असं नाही हं. गाईच्या दाव्याला पदरात पदर घालून विणलेलाच फासा असायचा. दाव्याला कप्पी नाही, रोज एकाच जागी झीज नाही, तिथे विणलेलं चालतं. विहिरीच्या दोराला मात्र गाठ. एकाच माणसाच्या गोठ्यात आणि विहिरीवर दोन वेगळी उत्तरं होती, आणि दोन्ही बरोबर होती.

डोलकाठीच्या टोकाला तीच कप्पी आहे. उलट तिथे जास्त वाईट. शीड पूर्ण वर गेलं की दोरीचा तोच तुकडा तासन्‌तास तिच्यावर बसून घासतो. गाठ असेल तर वीतभर कापा, परत बांधा, पाच मिनिटांचं काम. दोरी घेतानाच दोनेक मीटर जास्त घ्यायची. स्प्लाइस असेल तर? कापलात तर कडीच गेली. उलटीही करता येत नाही, कारण दुसऱ्या टोकाला कडी नाही. नवीन स्प्लाइस करायला जावं तर उन्हामिठाने कडक झालेली जुनी दोरी स्वतःच्या पोटात शिरायला तयार नसते. थोडक्यात स्प्लाइस म्हणजे हार्डकोड.

हे सगळं सुचायला कारण घडलं. माझ्या मित्राची बोट कुलाब्याला असते. त्याने पुढच्या शिडाच्या हॅल्यार्डला हौसेने स्प्लाइस करून घेतला होता, चांगले पैसे मोजून. फेब्रुवारीत मी दाखवलं की कडीपासून हातभर अंतरावर वरची वीण फाटलीये. म्हणाला, एवढा सुंदर स्प्लाइस कापायचा? सीझन संपू दे. मार्चमध्ये मांडव्याच्या वाटेवर ती दोरी तिथेच तुटली. शीड धाडकन खाली, अर्धं पाण्यात. दोरीचं उरलेलं टोक डोलकाठीच्या पोटात गायब. मित्राचे बाबा, वय बासष्ट, ओलं शीड ओढायला पुढे गेले. तेवढ्यात बाजूने गेलेल्या लाँचची लाट आली आणि ते पडले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. स्प्लाइस मात्र शाबूत! एक धागा हललेला नाही. माझ्याकडे फोटो आहे.

यावर उत्तर काय मिळतं? "मोठ्या बोटींवर सगळीकडे स्प्लाइसच असतात." अहो, 'म्हादेई' ५६ फुटांची, गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्याने ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तिची गणितं तिच्यासाठी. आपण सकाळी निघून मांडव्याला वडापाव खाऊन परत येतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोरी डायनीमाची असेल तर माझं वरचं सगळं विसरा. तो धागा इतका गुळगुळीत असतो की गाठ सरकते, आणि न सरकली तरी निम्म्याहून जास्त ताकद खाऊन टाकते. तिथे स्प्लाइसच. पण मग डायनीमा का घेतली, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. रेस जिंकायचीये का?

दुसरं, गाठ म्हणजे कुठलीही नाही. पुष्कळ लोक सवयीने बोलाइन मारतात. तिचा फासा लांब होतो, त्यामुळे शीड पूर्ण वर जाण्याआधीच गाठ कप्पीला भिडते. शिवाय शीड फडफडलं की ती ढिली पडू शकते. बंटलाइन हिच मारा. शॅकलला चिकटून बसते, भार येईल तशी घट्ट होते. सुटायला त्रास देते हे खरं, पण ती तशीही कापायचीच आहे.

आणि ज्यांना गाठीवर विश्वासच नाही त्यांनी आमच्या मुळशीतल्या तैलबैल्याच्या भिंतीवर एकदा जाऊन बघावं. तिथे चढणारी पोरं स्वतःला दोराला कशाने बांधतात? फिगर ऑफ एटच्या गाठीने. निघण्याआधी जोडीदार ती गाठ डोळ्यांनी तपासतो, बोटाने ओढून बघतो. स्प्लाइसच्या पोटात टोक किती आत गेलंय हे करणाऱ्यालाच ठाऊक. जीव टांगायला गाठ चालते, आणि शीड टांगायला चालत नाही?

असो. मित्राने नवीन दोरी आणलीये. दोन मीटर जास्त घेतली, एवढं ऐकलं. बाबांचं प्लास्टर निघालं, पण मूठ अजून नीट वळत नाही. आणि हा पठ्ठ्या काल फोनवर विचारतोय, पुण्यात स्वस्तात स्प्लाइस कोण करून देतं?