आभाळाची बदनामी

मुंबईच्या हवेला ‘लहरी’ म्हणण्याची एक फार जुनी आणि फार सोयीची चाल आपल्याकडे पडली आहे. पाऊस लहरी, ऊन लहरी, वारा लहरी. शहाणे काय ते आपण आणि आपले कारभारी! शहर कुठे बुडते, कुठे कोसळते, कुठे गुदमरते. आणि दुसऱ्या दिवशीच्या निवेदनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते ते आभाळ. त्या बिचाऱ्याला वकील लावता येत नाही. तेव्हा या अंकापुरते त्याचे वकीलपत्र मी घेतो.

माझे पहिले म्हणणे असे की, मुंबईच्या ऋतूंइतका वेळापत्रक पाळणारा दुसरा नागरिक या शहरात शोधून सापडायचा नाही. (लोकलगाड्यांची क्षमा मागून हे लिहितो आहे.) कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून नोंदी होत आल्या आहेत. कोणत्या महिन्यात काय होणार, हे त्या वह्यांतच काय, आपल्या आजीच्या तोंडीही आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पाऊस परतलेला असेल, ऑक्टोबरचा उकाडा निवत आलेला असेल आणि पहाटेच्या अभ्यंगाला कढत पाणी बरे वाटू लागले असेल. पुढे पौष-माघात थोडी थंडी पडेल. मुंबईची थंडी ती केवढी! तरी सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, हे सांगताना जुन्या मुंबईकराची छाती अजून फुगते.

पण या गोड महिन्यांतच बदनामीला सुरुवात होते. सकाळी खिडकी उघडावी तर समोरची इमारत दिसत नाही. आपण कौतुकाने म्हणतो, “काय धुके पडले आहे!” अहो, ते धुके नव्हे; ती बांधकामांची धूळ आहे आणि गाड्यांचा धूर आहे. मतलई वारा रात्री शहरावरची हवा समुद्राकडे नेतो, खारा वारा दुपारी स्वच्छ हवा आत आणतो. ही झाडलोट निसर्ग एक पैसा न घेता रोज करतो. हिवाळ्यात वारा मंदावला की झाडणारा चार दिवस रजेवर जातो, एवढेच; केर आपला असतो. २०२३ च्या दिवाळीत तर फटाके रात्री आठ ते दहा याच वेळात उडवा, असे उच्च न्यायालयाला सांगावे लागले. घरातल्या मुलांना हे सांगायला आईबाप पुरले नाहीत, न्यायमूर्ती लागले!

वैशाखाकडे येऊ. मे महिन्यात वळवाचे वादळ सुटते, हे कोकणातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असते. ती त्याआधी घर शाकारून घेते, सरपण आत घेते. १३ मे २०२४ रोजी असेच एक वादळ घाटकोपरवर आले आणि पेट्रोल पंपावर एक जाहिरातीचा फलक कोसळून सतरा माणसे गेली. परवानगी मिळू शकते ती चाळीस फूट लांबी-रुंदीला. हा फलक होता एकशेवीस फुटांचा. तो काही एका रात्रीत भूछत्रासारखा उगवला नव्हता. शहराला तो उघड्या डोळ्यांनी दिसत होता. आणि तरी लोक म्हणाले, “काय वारा सुटला हो!”

आता पाऊस, खरा खटला तोच आहे. नालेसफाई ३१ मेपर्यंत संपवायची असा आपला शिरस्ता. २०२५ साली पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. नोंदी सुरू झाल्यापासून इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. मुंबईसाठी त्याची ठरलेली तारीख ११ जून. माझ्या अशिलाविरुद्ध एवढा एक पुरावा आहे, तो मी लपवीत नाही. पण तो चोरपावलांनी आला नव्हता. केरळात तो २४ मेला पोचला होता आणि लवकर येणार हे त्याच्या आधीपासून जाहीर होते. त्या दिवशी वरळीचे नवेकोरे भुयारी स्थानक पाण्याखाली गेले. उघडून पुरते तीन आठवडेही झाले नव्हते, आणि नाव काय, तर आचार्य अत्रे चौक! आचार्य हयात असते तर दुसऱ्या दिवशीचा अग्रलेख कोणाच्या डोक्यावर बरसला असता, हे सांगायला नको. ढगांच्या डोक्यावर खचित नाही.

आणि २६ जुलै २००५? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला झाला ७३. फोर्टातल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरांत घरे बुडत आहेत याची वार्ताही नव्हती. ती देणारे कोणी नव्हते. इतका पाऊस कोणतेही शहर मुकाट्याने पोटात घालू शकणार नाही, हे मला मान्य आहे. पण मेले ते सगळे पावसानेच मेले काय? शहराची गटारे तासाला पंचवीस मिलिमीटर पाणी वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली. ती पन्नासाच्या हिशेबाने वाढवा, असा अहवाल १९९३ साली झालेला. बारा वर्षांनी तो दिवस उजाडला तेव्हा त्यातली बहुतेक कामे कागदावरच होती. मिठी नदीला तर आपण नदी मानलेच नव्हते. तिला विमानतळाच्या धावपट्टीखाली कोंबले, तिच्या मुखाजवळच्या पाणथळीवर भर घालून कचेऱ्या उभारल्या, उरलेल्या पात्रात केर टाकला. भरतीचे पाणी समुद्रातून आत आले आणि पावसाच्या पाण्याला बाहेर जायची वाट मिळाली नाही. भरती तरी लहरी होती काय? तिच्या वेळा आधीच छापलेल्या असतात, मिनिटासकट! कोळी माणूस त्या पाठ करतो. जून-जुलैत होडी किनाऱ्याला ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग दर्यावर जातो.

विरुद्ध पक्षाचे वकील आता शेवटचा मुद्दा काढतील, की हवामानच बदलले आहे. बदलले आहे खरे. अरबी समुद्र तापतो आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ अलिबागेला धडकले, मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईच्या शेजारून गेले. पण समुद्र तापला तो कोणाच्या धुराने? या प्रकरणात माझा अशील आरोपी नाही, फिर्यादी आहे.

त्याची मागणी लहानशी आहे. येत्या पावसाळ्यात निवेदन काढताना ‘अतिवृष्टीमुळे’ हा शब्द लिहिण्याआधी त्या नाल्याचे, त्या भिंतीचे, त्या फलकाचे नाव लिहावे; आणि तो कोणाच्या ताब्यात होता, तेही.