लुटुपुटीची लढाई, खरीखुरी निष्ठा

दिवसभर कचेरीत संगणकापुढे बसणारा एखादा अमेरिकन गृहस्थ सुटीच्या दिवशी चिलखत चढवून, वेताची तलवार घेऊन मैदानात उतरतो, असे सांगितले की आपल्याकडील सुशिक्षित मंडळी हसतात. ‘रिकामटेकड्यांचा पोरखेळ’ असा निवाडा देऊन मोकळी होतात. हा निवाडा उथळ आहे.

१९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे काही तरुणांनी एका घराच्या परसात मध्ययुगीन द्वंद्वाचा सोहळा मांडला. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ ही संस्था उभी राहिली. तिची आज वीस ‘राज्ये’ आहेत. तेथे राजा द्वंद्व जिंकून गादीवर बसतो आणि मुदत संपताच पायउतार होतो. पेनसिल्व्हेनियात १९७२ साली सुरू झालेल्या तिच्या उन्हाळी ‘युद्धा’साठी सुमारे १० हजार माणसे जमतात.

या लढाईचा एक नियम ध्यानात घ्यावा. घाव वर्मी बसला की नाही, हे पंच सांगत नाही; ज्याला तो लागला, त्यानेच सांगायचे असते. आपला पराभव आपल्याच तोंडाने मान्य करायचा! पंचांशी हुज्जत घालणे हेच जिथे शौर्य ठरते, त्या क्रीडाजगताने याला पोरखेळ म्हणावे काय?

आणि या नादाचे मोल? फ्रान्समध्ये गेदेलाँ येथे १९९७ पासून तेराव्या शतकातील पद्धतींनी नवा किल्ला बांधला जात आहे. आरंभी त्याचीही थट्टा झालीच असेल. २०१९ साली पॅरिसचे नोत्र दाम जळाले. त्याचे ओक लाकडाचे छत पुन्हा उभारताना कुऱ्हाडीने तुळया तासणारे हात हवे होते. त्या सुतारांत गेदेलाँत घडलेले कारागीरही होते. डिसेंबर २०२४ मध्ये ते मंदिर पुन्हा उघडले. ग्रंथालयातील ज्ञान अशा वेळी एकटे पुरत नाही. ते हातांत जिवंत असावे लागते.

एक आक्षेप रास्त आहे. या खेळात सरदार सर्वांनाच व्हायचे असते, वेठबिगार क्वचितच कुणाला. महामारी आणि उपासमार वगळून सोयीचा तेवढा भूतकाळ उचलला जातो. परंतु चिलखताचे ओझे स्वतः वाहणारा माणूस व्यासपीठावरून इतिहास गाणाऱ्यापेक्षा प्रामाणिक असतो, हे नाकारता येणार नाही.

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणे हा आपल्या मुलांचाही असाच खेळ. चिखलात हात घालायला नको म्हणून बाजारातून तयार किल्ला आणणाऱ्या घराने तरी त्या वेताच्या तलवारीला हसू नये.