गादी दिली, कारभार काढून घेतला

आज आमच्या वाचकांस आम्ही एका विणकर घरांतील मुलाची हकीकत सांगतों. पश्चिम आफ्रिकेंतील योरूबा मुलखांत ओसोगुन नांवाचा गांव होता. १८२१ सालीं गुलाम धरणाऱ्यांनीं तो जाळला आणि बारा-तेरा वर्षांच्या अजयीला आईसह बांधून नेलें. पुढें मायलेकरांची ताटातूट झाली. एकदां घोड्याच्या, एकदां दारू-तंबाखूच्या मोबदल्यांत हें पोर विकलें गेलें. १८२२ सालीं इंग्रजी आरमारानें त्याला पोर्तुगीज जहाजावरून सोडविलें व सिएरा लिओनला उतरविलें.

तेथें तो शिकला. १८२५ सालीं बाप्तिस्मा घेऊन सॅम्युएल क्राउथर झाला, १८४३ सालीं पाद्री झाला. योरूबा भाषेचा कोश त्यानें रचला, बायबल त्या भाषेंत आणण्याच्या कामीं तो पुढें होता. १८४६ सालीं, पंचवीस वर्षांनीं, त्याला आई भेटली. २९ जून १८६४ रोजीं कँटरबरी येथें त्याला बिशप केलें. अँग्लिकन पंथांत ह्या पदास चढलेला हा पहिला आफ्रिकन. नायजर नदीकांठचें मिशन त्यानें आफ्रिकन माणसांच्या बळावर चालविलें.

मग काय झालें? तरुण गोरे मिशनरी तपासणीस आले. १८९० सालीं कमिटीच्या बैठकींत, ऐंशी वर्षांच्या ह्या वृद्धाचा विरोध असतां, त्यांनीं त्याच्या माणसांस कामावरून दूर केलें. क्राउथरनें कमिटी सोडली. ३१ डिसेंबर १८९१ रोजीं तो वारला, आणि त्याच्या जागीं इंग्रज बिशप नेमला गेला.

मिशनचे सगळेच नोकर निर्दोष होते असें आमचें म्हणणें नाहीं. पण गोऱ्यानें चूक केली तर ती त्या एकट्याची, आणि काळ्यानें केली तर साऱ्या जातीची नालायकी, हा कोठला न्याय? हें माप आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंच्या ओळखीचें आहे. २०१४ सालीं कँटरबरीच्या आर्चबिशपांनीं ह्या वागणुकीबद्दल क्षमा मागितली. शंभरांवर वर्षांनीं कां होईना, मागितली हें बरें झालें.

बंधूंनो, मुलांस शिकवा हें आम्ही सांगतोंच. पण शिकलेल्या मुलास नुसती मानाची खुर्ची मिळून भागत नाहीं. गांवची सोसायटी असो कीं शाळेची कमिटी, हिशेबाची वही आणि माणूस नेमण्याचा अधिकार कोणाच्या हातीं आहे, हें आधीं पाहा.