नियमातली विसरलेली अट

रात्री उशिरापर्यंत नीट जळणारा पिवळा बल्ब दुसऱ्या दिवशी बटण दाबताक्षणी ‘फट्’ करून उडतो. घरातले कुणीतरी म्हणते, ‘व्होल्टेज वाढलं असेल.’ कधी तसे असतेही. पण बहुतेक वेळा व्होल्टेजचा काही दोष नसतो. खरे कारण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते, फक्त ते ज्या शब्दांत दडलेले असते ते शब्द मुले पाठ करतात आणि विसरतात.

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम सर्वांना ठाऊक आहे : वाहकाच्या दोन टोकांतील विभवांतर वाढवले की त्यातून वाहणारी विद्युतधारा त्याच प्रमाणात वाढते. मात्र त्याला एक अट जोडलेली आहे. वाहकाची भौतिक अवस्था, म्हणजे तापमान वगैरे, कायम असले पाहिजे. परीक्षेत ही अट लिहिली नाही तर गुण कापले जातात. गणिते सोडवताना मात्र ती कुणाच्या डोक्यातही येत नाही.

२३० व्होल्टवर चालणारा १०० वॅटचा बल्ब घ्या. सूत्रात आकडे घातले की त्याचा रोध ५२९ ओहम आणि धारा ०.४३ अँपिअर येते. आता तोच बल्ब होल्डरमधून काढून, थंड असताना मल्टिमीटरला जोडला तर मीटर जेमतेम ४० ओहमच्या आसपास रोध दाखवतो. मुलाला वाटते मीटर बिघडला किंवा गणित चुकले. दोन्ही बरोबर असतात. पेटलेल्या बल्बमधील टंगस्टनची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला असते. इतक्या उष्णतेत धातूचे अणू जोराने थरथरतात, इलेक्ट्रॉनची वाट अडते आणि रोध बारा-तेरा पट वाढतो.

बल्ब उडण्याचे कारण इथेच आहे. बटण दाबल्याक्षणी तार थंड असते, त्यामुळे क्षणभर पाच-सहा अँपिअरपर्यंत धारा उसळू शकते. वापराने टंगस्टन झिजून तार जिथे बारीक झालेली असते, ती जागा इतर भागांपेक्षा आधी आणि जास्त तापते. तार तिथेच तुटते.

‘आता घरोघरी एलईडी आले, जुन्या बल्बची ही कथा कशाला?’ असा आक्षेप येईल. अभ्यासक्रम पुरा करण्याची शिक्षकांची घाईही खोटी नाही. पण हा धडा बल्बपुरता नाही. रोध ही वस्तूवर कायमची कोरलेली संख्या आहे असा समज घेऊन मूल शाळेतून बाहेर पडते, आणि हा समज जिवावर बेतू शकतो. कारण माणसाचे शरीरही वाहक आहे आणि त्याची अवस्था तर घडोघडी बदलते.

कोरड्या त्वचेमुळे शरीराचा रोध दहा-वीस हजार ओहम किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. हात ओले असले, पाय ओल्या फरशीवर अनवाणी असले, की तो हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला मग सुमारे ०.२३ अँपिअर धारा शरीरातून वाहू शकते. हृदयाची लय बिघडवायला याहून कमी धाराही पुरते. हात कोरडा असला म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. इतक्या दाबाखाली त्वचेचा रोध पाहता पाहता ढासळतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही धारा ६० वॅटच्या बल्बला लागणाऱ्या धारेपेक्षाही थोडी कमीच आहे. पाच अँपिअरचा फ्यूज तिने वितळत नाही, एमसीबी पडत नाही. त्यांच्या लेखी घरात एक बल्ब लागला, एवढेच घडलेले असते. फ्यूज आणि एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतात. माणसासाठी लागते ती आरसीसीबी. गेलेली धारा आणि परत आलेली धारा यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी ती क्षणार्धात वीज तोडते. ‘एमसीबी आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्या प्रत्येक घराने हा फरक समजून घ्यायला हवा.

म्हणून शाळांनी ओहमचा नियम शिकवताना एक तास मोजमापासाठी राखून ठेवावा. सुटा, थंड बल्ब आणि काही शे रुपयांचा मल्टिमीटर एवढे साहित्य पुरते. घरच्या विजेला हात लावण्याची गरज नाही. टॉर्चचा छोटा बल्ब आधी एका सेलवर, मग दोन सेलवर लावून धारा मोजली, तर ती दुप्पट होत नाही हेही मुलांना दिसेल. ज्या मुलाने आकड्यांतला हा फरक स्वतः पाहिला, ते ‘भौतिक अवस्था कायम असताना’ हे शब्द विसरणार नाही.

‘ओल्या हातानं बटणाला हात लावू नकोस,’ असे घरातली मोठी माणसे बजावतात तेव्हा ती याच अटीची आठवण करून देत असतात. त्या बजावण्यामागचे कारण शाळेने मुलांच्या हाती द्यायला हवे.