नाव परत आलं, माणसं?

जुलैचा दुसरा रविवार आला की इन्स्टावर जुन्या जावा-येझदींच्या रांगा दिसायला लागतात. चकचकीत टाकी, दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोकचा तो आवाज. जावा-येझदी डे! तुम्हीही रील लाइक करून पुढे जाता. पण ही गाडी बनली कुठे, हे कधी विचारलंय?

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. भारतात ती बनवण्यासाठी रुस्तम आणि फारोख इराणी यांनी १९६० मध्ये आयडियल जावा ही कंपनी काढली. १९६१ मध्ये म्हैसूरच्या यादवगिरी भागात कारखाना उभा राहिला. उद्घाटन केलं जयचामराजेंद्र वाडियार यांनी. पुढे सत्तरच्या दशकात गाडीचं नाव 'येझदी' झालं. किक आणि गिअर एकाच दांड्यात, ही तिची खासियत. मग जपानी तंत्राच्या, जास्त अॅव्हरेज देणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं.

२०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परत आलं, गाडी मात्र आता मध्य प्रदेशात पिथमपूरला बनते. म्हैसूरला काही ती परतली नाही.

म्हैसूर लांब वाटतंय? मग आपलं आकुर्डी बघा. इथल्या बजाजच्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. आज तिथे इलेक्ट्रिक चेतक बनते. नाव तेच, पण जुन्या चेतकच्या लाइनवर उभे राहिलेले हात कुठे आहेत?

गाड्या जपायला क्लब आहेत, हौशी लोक आहेत, पैसाही आहे. पहिल्या पाळीचा भोंगा, कँटीनमधला चहा, युनियनची गेट मीटिंग, टाळं लागल्यावर घरात झालेली चर्चा, हे कोण जपणार? १९९६ मध्ये तिशीत असलेला कामगार आज साठीच्या आसपास आहे. त्याहून मोठे कितीतरी जण आता राहिलेही नसतील. वेळ खरंच कमी आहे, राव.

तुमच्या गल्लीतही बंद पडलेल्या एखाद्या कारखान्यातले काका किंवा मावशी नक्की असतील. या सुट्टीत त्यांच्याकडे जा. परवानगी घ्या, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि एकच विचारा, 'पहिल्या दिवशी काय काम दिलं होतं?' मग गप्प बसून ऐका. ते रेकॉर्डिंग कॉलेजच्या लायब्ररीत जमा करा. आपल्या गावाचा इतिहास आपणच नाही लिहिला, तर लिहिणार कोण?