कालनिर्णय घेऊन व्हिएतनामला

कोथरूडमधल्या एका घरात गेल्या महिन्यात व्हिएतनामवरून रविवारची सकाळ खर्ची पडली. घरात माणसं चार. बँकेतून निवृत्त झालेले बाबा, आई, आयटीत नोकरी करणारी मुलगी आणि सांगलीहून चार दिवसांसाठी येऊन पंधरा दिवस राहिलेली आत्या. टीपॉयवर एका सहल कंपनीचं गुळगुळीत पत्रक पडलेलं : ‘सात रात्री, आठ दिवस, संपूर्ण व्हिएतनाम’. कव्हरवर दगडी वाटणाऱ्या दोन महाकाय हातांनी तोललेला सोनेरी पूल.

“दिवाळीतच जाऊ या बाबा, मला सलग रजा तेव्हाच मिळते,” मुलगी म्हणाली.

बाबांनी उत्तर दिलं नाही. ते उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेलं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि पत्रकावर आणून ठेवलं. आईला वाटलं, आता हे मुहूर्त बघणार. तसं ते मुहूर्तच बघत होते.

व्हिएतनामचा नकाशा समोर धरला की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती त्याची लांबी. उत्तर-दक्षिण साधारण १,६५० किलोमीटर, आणि मध्ये एका ठिकाणी रुंदी जेमतेम ५० किलोमीटर. हनोईहून सायगॉनला, म्हणजे १९७६ पासूनच्या हो ची मिन्ह सिटीला, जाणारा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. मुंबई सेंट्रलहून राजधानीनं दिल्ली गाठायला १,३८४ किलोमीटर लागतात. मुंबईहून निघून आठ दिवसांत दिल्ली, जयपूर, आग्रा, वर हिमाचल असं सगळं ‘उरकून’ आलेल्या पाहुण्याला आपण हसतो. संपूर्ण व्हिएतनाम आठ दिवसांत करणारा प्रवासी त्याचाच चुलतभाऊ.

एवढ्या लांब देशाला एकच हवामान असणं शक्य नाही. दक्षिणेत आपल्यासारखाच मे ते ऑक्टोबर पाऊस आणि मग कोरडे महिने. उत्तरेत खरा हिवाळा असतो. जानेवारीत हनोईला स्वेटर लागतो, आणि त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये झिरमिर आणि धुकं. गोची आहे ती मधल्या पट्ट्याची. ह्वे, दा नांग, होई आन ही पत्रकावरची सगळ्यात देखणी गावं या पट्ट्यात येतात, आणि तिथला मोठा पाऊस सप्टेंबरात सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालतो. ऐन भर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, म्हणजे नेमकी आपली दिवाळी. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. बाबांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथे होई आनमध्ये फराळ होडीत बसून करावा लागेल.”

यात अतिशयोक्ती थोडीच आहे. २०२० च्या ऑक्टोबरात मध्य व्हिएतनाम आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होता. २०२५ ची दिवाळी आटोपून आठवडा होतो न होतो तोच ह्वे शहरात एका दिवसात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. पुण्याला वर्षभरात पडतो त्याहून जास्त. होई आनच्या जुन्या व्यापारी घरांत भिंतीवर पुराच्या रेघा आणि त्यांच्यापुढे सालं लिहिलेली दिसतात. काही घरांच्या माळ्याला झडपेचं दार असतं. थू बोन नदी चढू लागली की खालचा माल दोरानं वर ओढून घ्यायचा, पाणी ओसरलं की खाली सोडायचा.

“आमच्याकडे पण आहेत रेघा,” आत्या म्हणाली. “दोन हजार पाचची आहे, एकोणीसची त्याच्या वर. त्या बघायला विमानानं कशाला जायचं?”

सांगलीकर माणसापुढे पुराचा विषय फार ताणू नये.

दिवाळीतच जायचं असेल तर मार्ग आहे, फक्त पत्रकातला मधला भाग निर्दयपणे कापावा लागतो. नोव्हेंबरात उत्तर फार छान असते. हनोई चार दिवस, तिथून शंभरेक किलोमीटरवर निन्ह बिन्हचे चुनखडीचे डोंगर आणि त्यांच्या पोटातून वल्ह्याच्या होडीनं फिरायची चांग आनची गुहांची वाट, मग हा लाँगच्या उपसागरात एक रात्र. हा लाँगमध्ये दीड हजारावर बेटं आहेत, आणि जुलै ते सप्टेंबर हा तिथला वादळांचा काळ. २०२४ च्या सप्टेंबरात यागी वादळानं तो किनारा झोडपून काढला. हवा बिघडली की बोटी बंदरातच थांबवल्या जातात, त्या वेळी तुमचं आरक्षण कुणी विचारत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत उलट, मधला पट्टा कोरडा आणि समुद्र छान, पण हनोईत नागपूरची आठवण यावी असा उकाडा. सगळा देश एका दमात बघायचाच तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा त्यातल्या त्यात सगळ्यांना सोसणारा काळ.

कालनिर्णय इथे पुन्हा कामाला आलं, कारण व्हिएतनामचे सणही चंद्रावर चालतात. त्यांचं नववर्ष, टेट, आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या आगेमागे येतं. २०२६ साली ते १७ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीनंतर दोन दिवसांनी आलं. २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात सगळा देश गावी जातो. गाड्या भरलेल्या, दुकानं बंद, सरकारी कचेऱ्या बंद, त्यामुळे व्हिसाचे अर्जही पडून. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीचं तिकीट ज्यानं काढून पाहिलंय त्याला अधिक सांगायला नको.

पंचांगाचे वाददेखील तिथे आहेत, आणि एक तर इतिहासात जाऊन बसलाय. १९६७ साली उत्तर व्हिएतनामनं कालगणना सुधारली, दक्षिणेनं जुनीच ठेवली. त्यामुळे १९६८ चं टेट उत्तरेत २९ जानेवारीला आणि दक्षिणेत ३० जानेवारीला आलं. त्याच टेटच्या मुहूर्तावर कम्युनिस्ट सैन्यानं दक्षिणेतल्या शहरांवर प्रसिद्ध चढाई केली, आणि काही ठिकाणी हल्ले एक रात्र आधीच झाले. त्यामागे हा तारखांचा घोळ असल्याचं सांगितलं जातं. अधिक महिन्याच्या फरकानं टिळक पंचांगवाल्यांचे गणपती वेगळ्या महिन्यात आलेले ज्यांनी पाहिलेत, त्या रत्नागिरीकरांना हे लगेच पटेल.

मग आली कागदपत्रं. ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनाम ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतो. एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा जायचं-यायचं असेल तर ५०. अर्ज घरबसल्या होतो, मात्र सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी, दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी दलालांची पानं शोधताना आधी वर येतात. नाव पासपोर्टवर छापलंय तस्संच लिहायचं. मराठी पासपोर्टात नावाला चिकटून वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव येतं, ते गाळलं की विमानतळावरच्या खिडकीशी नसती उठाठेव. कुठल्या विमानतळानं शिरणार तेही अर्जात लिहावं लागतं, त्यामुळे तिकिटांचा विचार आधी झालेला बरा.

तिकिटांत मराठी कुटुंबं हमखास एक चूक करतात. स्वस्त दिसतं म्हणून जाणं-येणं एकाच शहराचं काढतात, आणि शेवटचा दिवस देश उलटा चढण्यात घालवतात. मुंबईहून हनोईलाही थेट विमान जातं आणि हो ची मिन्ह सिटीलाही. एका टोकाला उतरायचं, दुसऱ्या टोकाहून परतायचं.

मधला एक टप्पा तरी रेल्वेनं करावा, असं या सदराचं ठाम मत आहे. ह्वे ते दा नांग, शंभरेक किलोमीटर, अडीच-तीन तास. गाडी मीटरगेजवरून हाय वान खिंडीला वळसा घालत समुद्राच्या अगदी कडेनं जाते. दक्षिणेकडे जाताना डावी खिडकी मिळवायची. उजवीकडच्या खिडकीतून डोंगराची माती दिसते.

दा नांगला पोचल्यावर पत्रकावरचा सोनेरी पूल येतो. बा ना हिल्सवरचा हा पूल २०१८ साली खुला झाला. ते प्राचीन वाटणारे दगडी हात प्रत्यक्षात जाळी आणि फायबरग्लासचे आहेत. रोपवे, रांगा, नकली फ्रेंच गाव यांत आख्खा दिवस जातो. तेवढ्याच वेळात, दा नांगपासून सत्तरेक किलोमीटरवर, मी सन होतं. बहुतेक पत्रकांत ते ‘ऐच्छिक’ म्हणून बारीक अक्षरांत असतं.

चाम राजांनी चौथ्या शतकापासून सुमारे हजार वर्षं या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात विटांची देवळं बांधली, मुख्यतः शिवाची. पहिलं देऊळ भद्रवर्मन राजाचं, आणि देवाचं नाव राजाच्या नावावरून भद्रेश्वर. बरेच शिलालेख संस्कृतात आहेत. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी बाँबफेकीत तिथलं सर्वांत भव्य शिखर जमीनदोस्त झालं, आणि बाँबच्या खड्ड्यांत आज गवत उगवलंय. १९९९ साली होई आन आणि मी सन दोन्ही एकदमच जागतिक वारशाच्या यादीत गेली. पुढे भारताच्या पुरातत्त्व खात्यानं इथल्या काही देवळांची डागडुजी हाती घेतली. ते काम चालू असताना २०२० च्या मे महिन्यात नवव्या शतकातलं वालुकाश्मातलं अखंड शिवलिंग सापडलं. सकाळी लवकर जावं, उन्हं तापायच्या आत.

“मग पुलाऐवजी हेच,” आईनं निकाल दिला. जिला पूल बघायचाच होता ती मुलगी एकटी पडली.

शिवाजी महाराजांचा विषय निघणार होताच. व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं ते महाराजांचा गनिमी कावा वाचून, असा एक निरोप मराठी फोनांतून वर्षानुवर्षं फिरतोय. कुठल्या तरी राष्ट्राध्यक्षाच्या तोंडी वाक्यं असतात, पण साल नसतं की पुरावा नसतो. हो ची मिन्ह सिटीजवळच्या कू चीच्या भुयारांत, २०० किलोमीटरहून लांब अशा त्या मातीतल्या जाळ्यात वाकून चालताना हा प्रश्न गाइडला विचारायचा मोह होतो. ती भुयारं फ्रेंचांविरुद्ध लढतानाच, १९४० च्या दशकात खोदायला घेतली होती, एवढं आधी वाचून जावं. प्रतापगड त्यानं लहान होत नाही.

पैशांचं गणित बाबांनी स्वतःकडे घेतलं. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी माणूस कोट्यधीश होतो. धोका असतो तो दोन निळ्या नोटांचा. वीस हजाराची आणि पाच लाखांची नोट संध्याकाळच्या उजेडात सारखीच भासते. पहिली सत्तरेक रुपयांची, दुसरी सतराशेची. टॅक्सीत दोन्ही वेगळ्या खिशांत ठेवाव्यात. समोरून सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह. पाठीमागे मात्र सहल आहे : वीस हजारावर होई आनचा जपानी पूल, पन्नास हजारावर ह्वे, लाखावर हनोईचं विद्यामंदिर, दोन लाखांवर हा लाँग. फुकटात याहून चांगलं पत्रक मिळणार नाही.

पुणेकर असल्यानं मुलीनं दुचाकी भाड्यानं घ्यायचं काढलंच. तो बेत तिथेच थांबला. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या कराराखालचा, व्हिएतनाम मानतो १९६८ च्या. अपघात झालाच तर प्रवासविम्याची कंपनी हेच कारण पुढे करणार. ग्रॅब ॲपवरून गाडी बोलवावी, भाडं आधीच कळतं.

उरला खाण्याचा प्रश्न, म्हणजे आत्याचा प्रश्न. तिथे ‘भाजीचं’ म्हणून ताटात आलेल्या पदार्थातही माशांपासून केलेला नुओक माम असतो. पण बौद्ध परंपरेतला शुद्ध शाकाहारही तिथे जुना आहे. त्याला म्हणायचं ‘आन चाय’, आणि तसली खानावळ म्हणजे ‘कॉम चाय’. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक व्हिएतनामी घरं मांस-मासे वर्ज्य करतात, तेव्हा या खानावळी भरून वाहतात.

“म्हणजे यांची पण पौर्णिमा आहे,” आत्या खूश झाली. “आणि चहा मागायचा तर?”

“चाय म्हणू नकोस फक्त,” बाबा म्हणाले.

सूर्य माथ्यावर आला तोवर मुलीनं फोनवर वरिष्ठांना विचारून टाकलं होतं. मार्चमध्ये रजा मिळत होती. होई आनमध्ये दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात आणि नदीत दिवे सोडतात. बाबांनी पान उलटून फाल्गुन शुद्ध चतुर्दशी शोधली. त्यांची तिथी आणि आपली एखाद्या दिवसानं इकडेतिकडे होते, म्हणून तिथे दोन रात्री धरल्या. पेन्सिलीनं ‘हो. आ.’ असं लिहिलं.

आईनं चष्मा लावून ती चौकट पाहिली आणि पुढचीही पाहिली.

“अहो, ही तर होळी. पुरणपोळीचं काय?”

“आधी करून घेऊन जाऊ की,” आत्या म्हणाली. “चार दिवस टिकतात.”

“आत्या, केबिन बॅगेला सात किलोची मर्यादा आहे.”

आत्या स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीजवळचा वजनकाटा ओट्यावर घेतला.