चिलर नाही तर हौस नाही?

नागपुरात खाऱ्या पाण्याच्या माशांविषयी सल्ला देणारे दोन पंथ आहेत. पहिला फेब्रुवारीत दुकानाच्या काउंटरवर भेटतो. काचेची टाकी, मिठाची बादली, 'निमो'ची जोडी, सगळं बांधून देतो, उन्हाळ्याचं विचारलं तर म्हणतो, "काही नाही होत भाऊ, बर्फाची बाटली टाकायची." दुसरा पंथ जरा शिकलेला. त्याचं उत्तर ठरलेलं: चिलर घ्या, परवडत नसेल तर गप्पी पाळा. पहिल्याचं ऐकलं तर मासा मरतो, दुसऱ्याचं ऐकलं तर कमी पगाराचा माणूस हौसेतून बाद होतो. माझ्याकडे सहा वर्षं दोनशे लिटरची खारी टाकी आहे, चिलर नाही, आणि माझं भांडण या दोघांशीही आहे.

आधी बर्फ. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता घेतो, आणि ते पाणी कोमट होईस्तोवर आणखी पंचवीस-तीस. दोनशे लिटर पाणी एका अंशाने उतरवायला २०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे दोन बाटल्या टाकल्या की एक अंश उतरणार, आणि तासाभरात खोली तो परत चढवणार. दिवसभर हा पाळणा हलत राहतो आणि त्यात मासा आजारी पडतो.

"समुद्रही गरमच असतो की!" असंही ऐकवतात. असतो. पण समुद्र दुपार आणि रात्र यांत चार-पाच अंश वरखाली होत नाही. शिवाय नेहमीपेक्षा एखाद-दोन अंश जास्त ऊब काही आठवडे टिकली तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली पांढरे पडले. अख्ख्या अरबी समुद्राला जे पेललं नाही, ते तुमच्या हॉलमधल्या टाकीला पेलेल असं सांगणारा माणूस फक्त माल खपवतोय. पाणी तापलं की त्यातला प्राणवायूही घटतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांला लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३२ अंशांला सहाच. आणि नेमकी त्याच वेळी माशाची भूक आणि श्वासाची गरज वाढलेली असते. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकताना दिसतात ते यामुळे.

आता दुसरा पंथ. हे सगळे सल्ले मुंबईचे, नाहीतर थेट विलायतेतले. नागपूरचा उन्हाळा वेगळ्या जातीचा आहे हे त्यांच्या गावीही नाही. इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. आकडा ऐकून छातीत धडकी भरते, पण हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत आपण पिढ्यान्‌पिढ्या काय करतो? माठ ठेवतो, खसच्या ताट्या भिजवतो, कूलर लावतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना ५८० किलोकॅलरी घेऊन जातं, बर्फाच्या सातपट. दोनशे लिटरमधून एक लिटर उडालं तर हिशेबाने जवळजवळ तीन अंश.

थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की तो जिथे थांबतो, तिथवरच वाऱ्याने पाणी गार करता येतं. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर तो साधारण २४ वर थांबतो. ३५ अंश आणि ७० टक्क्यांना मात्र ३० वर. म्हणजे भर नवतप्यात नागपूरकराला टाकी गार ठेवणं मुंबईकरापेक्षा सोपं आहे! टाकीचं काचेचं झाकण काढा, मासे उड्या मारतात म्हणून जाळी टाका, पाण्यावर आडवा वारा येईल असे बारा व्होल्टचे दोन छोटे पंखे लावा. खोलीत कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर कसा चिकचिक करतो ते नागपूरकराला शिकवायला नको. दिवे दुपारी बंद, संध्याकाळनंतर चालू. माझी टाकी मे महिन्यात २७च्या वर क्वचित जाते.

दुकानदार हे सांगत नाही, कारण पंख्यात त्याला काही सुटत नाही.

पण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. माझ्या टाकीतून मे महिन्यात रोज पाच-सहा लिटर जातं. आठवडाभर भर घातली नाही तर लिटरमागे ३५ ग्रॅमचा खारटपणा ४३ वर पोहोचेल. रोज भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. ज्याला रोज सकाळी हे जमणार नाही, त्याने खरोखरच गप्पी पाळावेत. तिथे पैशाचा संबंध नाही.

आणि जूनच्या मध्यानंतर पाऊस आला की हा सगळा जुगाड ढिला पडतो. हवा दमट, पंखे फिरतात, पाणी तिशीच्या खाली यायला तयार नाही. नागपुरातली खरी परीक्षा मे नाही, पहिल्या पावसानंतरचे उकाड्याचे दिवस आहेत. तेव्हा खायला कमी घालणं, प्रवाह वाढवणं, खोलीत एसी असेल तर टाकी त्याच खोलीत ठेवणं, यापलीकडे स्वस्तात काही नाही. त्यातही लाइट गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच. हे मी लपवत नाही. म्हणूनच क्लाउनफिशसारखे चिवट मासे ठेवावेत. प्रवाळांचा तर विषयच नको: २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तरी "लाइव्ह कोरल आहे, आतून देतो" म्हणणारे भेटतातच.

आमच्यातले काहीजण वेगळाच प्रश्न टाकतात: मासा कोंडणं जायज आहे का? अबू उमैर या लहान मुलाच्या पाळलेल्या पाखराची पैगंबरांनी (स.) प्रेमाने चौकशी केली, त्यावरून अनेक आलिमांनी पाळण्याची मुभा काढली आहे. पण मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईचीही हदीस आहे. तिने त्याला खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही. ३३ अंशांच्या पाण्यात मासा ठेवून "अल्लाहची मर्जी" म्हणणारा कोणत्या हदीसमध्ये बसतो, ते त्याने स्वतः ठरवावं.

"मोमिनपुऱ्यात टिनाखाली माणसं भाजतात आणि तुला माशाची पडली" हा टोमणाही येईल. दोन पंख्यांना मिळून लागते एका एलईडी बल्बएवढी वीज. टिनाखालच्या माणसाची काळजी असलेल्याने तो मुद्दा महापालिकेकडे न्यावा, मी बरोबर येतो.

दुकानात जाल तेव्हा एवढंच करा. निमोची किंमत विचारण्याआधी त्यांच्याच टाकीवरचा थर्मामीटर बघायला मागा, आणि मागच्या जूनअखेर तो किती दाखवत होता ते विचारा. थर्मामीटरच नसेल तर पैसे खिशातच ठेवा.